पूजेला बसवलेली रवी

आमचे हे भित्रे आहेत, हे मला लग्नाआधीच कळलं होतं. मला बघायला आले तेव्हा मुलीकडे बघायचं सोडून कोपऱ्यातल्या स्टोव्हकडे बघत बसले. ‘वॉशर गेलाय त्याचा,’ हे त्यांनी माझ्या माहेरी काढलेले पहिले शब्द. माझे वडील म्हणाले, मुलगा सावध आहे. आई म्हणाली, भागूबाई आहे. पुढे दोघांचंही खरं निघालं.

शिकले मुंबईला, रसायनं. आणि नोकरी धरली चिंचवडला, दौलतरावांच्या रंगाच्या कारखान्यात. ही अठ्ठावन सालची गोष्ट. मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेनं तेव्हा एकेक शेड उठत होती. काल ज्वारी होती तिथं आज पत्रे, असा प्रकार. दौलतराव मूळचे तिथलेच शेतकरी. रस्त्याकडेचं रान होतं, अंगात धाडस होतं, त्यात एक भागीदार भेटला, आणि रानातून ज्वारीऐवजी रंगाचा कच्चा माल निघू लागला. माणूस दिलदार. फक्त काही दुरुस्ती सुचवली की ‘बघू पुढच्या वर्षी’ हा त्यांचा जप सुरू व्हायचा.

कारखान्याच्या मधोमध पुरुषभर उंचीचं एक बिडाचं भांडं होतं. कामगार त्याला रांजण म्हणत. त्यात एक झोंबऱ्या वासाचं तेल भरलेलं असे. वर माचावर चिनी मातीची मोठी बरणी होती, आणि तिच्या तोटीतून तेजाब थेंबथेंब रांजणात पडायचं. मधे उभ्या दांड्याला पाती लावलेली ढवळणी. मोटार सुरू केली की चामडी पट्ट्यावर ती गरगर फिरायची. तिला सगळे रवी म्हणत. तेल आणि तेजाब एकमेकांना भेटले की तापतात. थेंबाथेंबानं भेटले आणि रवीनं तिथल्या तिथे मिसळले, तर रांजणाभोवतीचं बर्फाचं पाणी तो ताप गिळून टाकतं. आणि सगळं एकदम भेटलं तर, असं मी विचारलं होतं. त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मला वाटलं, विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

रांजणाला बाहेरून एक काट्याची तबकडी होती, आतला ताप दाखवणारी. तिच्यावर ह्यांनी एक हिरवी आणि एक लाल रेघ रंगवली होती. काटा हिरवीजवळ असला की सगळे निर्धास्त. हे मात्र चष्मा पुसून पुसून त्या तबकडीसमोर उभे राहायचे. ‘काटा कुठं आहे ते सगळेच बघतात,’ मला म्हणायचे, ‘मी तो किती थरथरतो ते बघतो.’

‘थरथरणं चांगलं की वाईट?’ मी एकदा ताक घुसळता घुसळता विचारलं.

‘चांगलं. आत हजार भोवरे असतात इंदू. एक गरम, एक गार, काट्यापाशी येतात आणि जातात. त्यातला एकेक भोवरा कुठं जाईल ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. पण हजारांचा मिळून एक स्वभाव असतो, आणि तो त्या थरथरीत दिसतो. थरथर आहे तोवर मिसळणं चाललंय. पण जड खाली आणि हलकं वर असे थर एकदा बसले, की भोवऱ्यांना वरखाली जाताच येत नाही. थर त्यांना दाबून टाकतो.’ मग त्यांनी मला दारात नेऊन पवनेकडे बोट दाखवलं. थंडीची सकाळ होती. गावातल्या चुलींचा धूर थोडा वर जाऊन नदीवर आडवा पसरला होता, छत घातल्यासारखा. वरची हवा वर, खालची खाली. धूर बिचारा मधे अडकलेला.

‘पण रवी फिरते ना? मग थर कसे राहतील?’

‘गरगर फिरणं म्हणजे मिसळणं नव्हे. जत्रेतला पाळणा फिरतो, पण माणसं आपापल्या पाळण्यातच बसतात ना? तसं. सगळं एकाच दिशेनं एकत्र फिरायला लागलं, तर कुणी कुणात जात नाही. तू दोरी इकडून ओढतेस नि तिकडून ओढतेस, म्हणून लोणी येतं.’

म्हणून रांजणाच्या आतल्या अंगाला उभ्या लोखंडी पट्ट्या हव्यात, म्हणजे फिरणारं तेल त्यांना अडखळेल आणि नीट मिसळेल, असं त्यांचं दौलतरावांपाशी टुमणं होतं. रवी जोरात फिरते तोवर ठीक, नाहीतर कठीण. दौलतराव म्हणाले, बघू पुढच्या वर्षी. रांजणाची खालची तोटी गळत होती म्हणून ती बदला म्हटलं, तर त्यांनी शिसं ओतून बुजवूनच टाकली.

ह्यांचं कुणी मनावर घेत नसे, त्यालाही कारण होतं. आषाढात एकदा ह्यांना कसला तरी वास आला. झालं, कारखाना रिकामा केला, माणसं पावसात उभी केली. शोधता शोधता कळलं की मोरीत कुणी तरी फिनेलची बाटली फोडली होती. तेव्हापासून कामगार मागे ह्यांना फिनेलसाहेब म्हणत. मीसुद्धा हसले होते.

तर, खंडेनवमी आली. त्या दिवशी कारखान्यात हत्यारांची, यंत्रांची पूजा. ह्यांचं म्हणणं, पूजेच्या दिवशी रांजण लावूच नका. पण मुंबईच्या व्यापाऱ्याला माल हवा होता. दौलतराव म्हणाले, ‘दुपारपातुर निघंल की, उद्धवराव. पूजा काय, हां हां म्हणता हुईल. आन पूजेला तुमी दोघं बसायचं बरं का.’ दौलतरावांची बायको दोन वर्षांपूर्वी वारली होती, आणि पूजेला जोडपं हवं.

सकाळी रांजण लागला. रवीवर ज्योतीराम होता, परभणीकडून आलेला, कामाला वाघ. ह्यांनी त्याला बजावलं, ‘मी अंघोळ करून येतो. बरणीच्या तोटीला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. रवी बंद करायची नाही. पूजा बाहेर अंगणात मांडा.’

‘व्हय साहेब,’ ज्योतीराम म्हणाला.

आमचं घर आवाराच्या टोकालाच. अंघोळी, धोतर, माझं नऊवारी, त्यात शालन, आमची चार वर्षांची पोरगी, तिला नवा परकर घालायचा. सगळं उरकून आम्ही पोचलो तेव्हा कारखान्याच्या दारात हलगीवाले जोरात होते आणि पूजा अंगणात नव्हती. ती आत, रांजणासमोर मांडली होती. दौलतरावांच्या आई सुभद्राबाई येऊन उभ्या होत्या, आणि त्यांच्यापुढे कुणाचं काय चालणार? ‘ज्या रांजणानं प्वाट भरतंय त्येला सोडून भाईर पूजा? हे कुठलं शास्तर?’ असं त्यांनी विचारलं होतं म्हणे.

रांजण झेंडूनं मढवला होता. दोन्ही बाजूंना केळीचे खुंट. पाटावर लाल कापड, त्यावर नट आवळायचे पाने, हातोड्या, कानस, आणि सगळ्यांच्या मधे दौलतरावांच्या वडिलांचा जुना कोयता, धार लावून तेल पुसलेला. माझी सासरची नि माहेरची सगळी माणसं आठवून मी पाटावर बसले. शालन शेडच्या पलीकडच्या टोकाला बसलेल्या सुभद्राबाईंच्या मांडीवर जाऊन पेढ्याकडे बघत बसली. गुरुजींनी आचमन सांगितलं. हलगीनं कान किटले होते. मोटारीचा आवाज येतोय की नाही, हे त्यात कुणाला कळणार?

‘संकल्प. यजमानबाई, हाताला हात लावा,’ गुरुजी म्हणाले.

मी ह्यांच्या हाताला बोटं टेकवली. हात गार होता. मी पाहिलं तर ह्यांचं लक्ष गुरुजींकडे नव्हतं. फुलांच्या माळांमधून तबकडी दिसत होती, तिच्याकडे हे बघत होते. काटा हिरव्या रेघेवर होता, अगदी बरोबर. मी मनात म्हटलं, देवाच्या पाटावर तरी स्वस्थ बसा हो.

‘काटा हलत नाहीये,’ हे पुटपुटले.

‘मग बरंच आहे की.’

‘इंदू, थरथरत नाहीये.’

मग माझीही नजर वळली. तबकडीच्या वर, चामडी पट्ट्यावर झेंडूची एक माळ सोडली होती. ती सरळ खाली लोंबत होती. पट्टा फिरत असता, तर माळ केव्हाच तुटून उडाली असती. पळीतलं पाणी ह्यांच्या हातातून ताम्हनात न पडता माझ्या मांडीवर सांडलं.  लग्नाला सहा वर्षं झाली होती. ह्यांना घाबरलेलं मी रोज बघत होते, पण हे तसलं घाबरणं नव्हतं. 

हे पाटावरून उठले. संकल्प सुटल्यावर यजमान मध्येच उठतो, हे तिथल्या कुणीही आयुष्यात पाहिलं नव्हतं. गुरुजी ‘अहो, अहो’ करत राहिले. ह्यांनी हात वर करून हलगी थांबवली आणि त्या शांततेत सगळ्यांना कळलं की मोटार बंद आहे.

‘ज्योतीराम, रवी कुणी बंद केली?’

‘बंद न्हाई केली साहेब,’ ज्योतीराम गोंधळला. ‘पूजेला बसवली. चालत्या यंत्राला कुकू कसं लावनार? मगाच बसवली, धुतली, पुसली…’

‘आणि तोटी?’

‘तोटीला म्या हात न्हाई लावला. तुमीच सांगितलं हुतं.’

हे माचावर चढले. सोवळ्याच्या धोतरात शिडी चढणारा माणूस बघून दोघंतिघं हसले. हे वरून खाली आले तेव्हा चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. बरणी रिकामी होती. थेंबथेंब दुपारपर्यंत पुरायचं तेजाब, त्यातलं निम्म्याहून जास्त रवी थांबल्यावर रांजणात उतरलं होतं. तोटी गरमीनं की कशानं सैल होऊन जास्त उघडली होती, ते कधीच कळलं नाही.

‘सगळ्यांनी बाहेर चला,’ हे म्हणाले. ‘आत्ता. तेजाब जड असतं. ते न मिसळता तळाशी जाऊन बसलंय, वर तेल आहे. मधे थर पडलाय म्हणून ते गप्प आहे. आता रवी सुरू झाली तर सगळं एका झटक्यात मिसळेल. ही शेड राहणार नाही.’

कुणी हललं नाही. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, ‘फिनेल!’ आणि खसखस पिकली.

दौलतराव पुढे आले. रागावले नव्हते, उलट समजूत काढायच्या सुरात होते. ‘उद्धवराव, काटा बघा की. हिरव्यावर हाय. जागचा हललेला न्हाई.’

‘म्हणूनच म्हणतोय! काट्याची नळी वरच्या तेलात आहे. खाली काय चाललंय ते तिला कळतच नाही. काटा जिवंत असता तर थरथरला असता.’

‘मुहूर्त टळतोय,’ गुरुजी म्हणाले. ‘यजमान उठलेच आहेत तर निदान यंत्र तरी वेळेवर सुरू होऊ द्या. आरती मागून करू.’

‘बंद यंत्र ठिवून पूजा मोडायची?’ सुभद्राबाई कडाडल्या. ‘वरीसभर साडेसाती लागंल. दौलत, चालू कर.’

खंडेनवमीला यंत्र मालकाच्या हातानं सुरू व्हायचं, हा तिथला मान. बटण भिंतीवर, आमच्यापासून दहाएक पावलांवर, आणि त्यालाही कुंकू लावलेलं. दौलतराव तिकडे निघाले. हे धावत जाऊन भिंतीला पाठ लावून उभे राहिले. दोन्ही हात पसरलेले, उपरणं खांद्यावरून घसरलेलं. मला अजून डोळे मिटले की तेच दिसतं. दोन कामगारांनी ह्यांना दोन्ही दंडांना धरलं, अगदी अदबीनं, हसत हसत, ‘साहेब, चला, बसा जरा, पानी प्या,’ म्हणत बाजूला केलं. ह्यांनी हिसडे दिले. भांडण कसं करतात तेही ह्यांना ठाऊक नव्हतं. ‘इंदू, पोरीला घेऊन पळ!’ एवढं ओरडले.

मी पळाले असते. खरंच सांगते, माझे पाय दाराकडे वळले होते. पण शालन शेडच्या त्या टोकाला, सुभद्राबाईंच्या मांडीवर, आणि दौलतरावांचा हात बटणापासून वीतभर. तिथवर मी पोचणार नव्हते. माझ्या समोर पाट होता आणि पाटावर कोयता.

पूजेत ठेवलेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत कुणी उचलत नाही. त्या दिवशी हत्यारं विश्रांती घेतात. विळीनं भाजीसुद्धा चिरायची नाही. हे मला माझ्या आजीनं शिकवलं होतं आणि मी ते जन्मभर पाळलं होतं. मी तो कोयता उचलला, हळदकुंकू, फुलं सगळं सांडत, आणि रवीच्या पट्ट्यावर घातला. चामडं चिवट. पहिला घाव निसटला. दुसरा बसला. तिसऱ्याला पट्टा सळकन तुटून सापासारखा माझ्या पायाशी पडला. त्याच क्षणी दौलतरावांनी बटण दाबलं.

मोटार घूं करत फिरली. नुसतीच. रवी जागची हलली नाही.

 मग सुभद्राबाईंचा आवाज आला, ‘अगं पोरी, माज्या धन्याचं हत्यार! पूजेतलं!’

दौलतरावांनी मोटार बंद केली. त्यांचा चेहरा काळवंडला होता. ते मला काय बोलले असते देव जाणे, पण ह्यांनी त्यांचा हात धरला. कामगारांनी ह्यांना केव्हाच सोडलं होतं. ‘दौलतराव, बाकीच्यांना दाराबाहेर उभं करा. फक्त तुम्ही थांबा. मी रवी हातानं बोटभर फिरवतो. तुम्ही काट्यावर नजर ठेवा. काही झालं नाही, तर उद्यापासून मी कामावर येत नाही.’

माणसं कुरकुरत दाराबाहेर गेली. शालनला मी दाराशी जाऊन सुभद्राबाईंच्या कडेवर नीट दिलं आणि तिथेच उभी राहिले. ह्यांनी रवीच्या दांड्याला दोन्ही हातांनी धरलं आणि अगदी हळू, जात्याचा अंदाज घ्यावा तसं, थोडंसं वळवलं.

काटा हिरव्यावरून उठला तो लाल रेघेच्या अलीकडे जाऊन थांबला. झाकणाच्या फटीतून तांबूस धुराचा एक लोळ आला आणि घशाला चरचरीत वास लागला. दौलतराव दोन पावलं मागे सरले. मग ते असे धावले की त्यांचा फेटा दारात पडला. बाहेर त्यांचा आवाज ऐकू आला, ‘पळा! पळा रं! हलगी टाक ती!’

‘ओढ्यापलीकडच्या आंब्याखाली न्या सगळ्यांना,’ हे मागून ओरडले. ‘तिथं धोका नाही.’

एवढी माणसं क्षणात पांगली. शालन सुभद्राबाईंच्या खांद्यावरून माझ्याकडे हात करत होती. मी हात हलवला. ‘तू पण जा,’ हे म्हणाले.

‘आणि तुम्ही?’

‘हे असंच सोडता येत नाही. थर जिथं टेकतात तिथं हळूहळू तापतंय. संध्याकाळपर्यंत आपणहून उकळेल. खालची तोटी बुजवलीये, नाहीतर तेजाब काढून घेतलं असतं. आता एकच, थोडं थोडं मिसळायचं. थर वरवर खरवडायचा. काटा चढला की थांबायचं, बर्फ घालायचा, उतरला की पुन्हा.’

‘एकट्यानं कसं जमेल?’

 जमणार नव्हतंच. दांड्याला हातानं धरून एकाच दिशेनं फिरवलं असतं, तर सगळं तेल तिच्यासोबत नुसतं गरगरलं असतं. जत्रेचा पाळणा. मी जमिनीवर पडलेला तुटका पट्टा उचलला आणि रवीच्या दांड्याला एक वेढा घातला, घरी घालते तसा. एक टोक ह्यांच्या हातात दिलं.

ज्योतीराम दारात उभा होता. डोळ्यांना धार लागलेली. ‘साहेब, बर्फ म्या आनतो,’ म्हणाला आणि भुश्यातली पोती ओढायला लागला. ह्यांनी त्याला हाकललं नाही.

त्यानंतरची दुपार मी कशी सांगू? ‘ओढ,’ हे म्हणायचे, मी ओढायची. ‘थांब.’ मी थांबायची. मग ह्यांनी आपलं टोक ओढायचं. नजर काट्यावर. काटा चढू लागला की दोघंही थांबायचो. ज्योतीराम बर्फ ओतायचा, आणि काटा उतरेपर्यंत आम्ही तिघं श्वाससुद्धा दबकून घ्यायचो. रांजणातून मधेच गुडगुड आवाज यायचा, पोट बिघडलेल्या माणसासारखा. एकदा मी जरा जास्त ओढलं. काटा लाल रेघेवर गेला. तांबडा धूर असा आला की आम्ही एकमेकांना दिसेनासे झालो. मला वाटलं, संपलं. शालनचा परकर मी कुठल्या दोरीवर वाळत घातला होता, एवढंच मनात आलं. धूर विरला तेव्हा काटा लाल रेघेवरच उभा होता. उभाच राहिला. मग इतका हळू खाली आला की मला तो खाली येतोय यावर विश्वास ठेवायला वेळ लागला.

‘घाबरलीस?’ ह्यांनी विचारलं.

‘नाही तर काय!’ मी ओरडले. ‘तुमच्यासारख्या माणसाशी लग्न केलं ते सुखानं जगायला केलं होतं!’

हे हसले. त्या दुपारी एकदाच. पुन्हा म्हणाले, ‘ओढ.’

तळहात सोलले. पट्ट्याला रक्त लागलं. झेंडूच्या माळा तेजाबाच्या वाफेनं तपकिरी होऊन एकेक गळून पडल्या. केळीच्या खुंटांच्या सावल्या लांब झाल्या. आणि मग केव्हातरी मी ओढलं आणि काटा चढला नाही. नुसता जरासा हलला, मागे आला, पुन्हा हलला. इकडे, तिकडे, बारीक बारीक.

ह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ‘अजून थोडं,’ म्हणाले. आम्ही अजून ओढलं. काटा थरथरतच राहिला, हिरव्या रेघेच्या आसपास. मग ह्यांनी पट्ट्याचं टोक खाली ठेवलं. दाराबाहेर गेले आणि भिंतीला धरून ओकले.

आम्ही तिघं ओढा ओलांडून आंब्याखाली गेलो तेव्हा सूर्य मावळतीला होता. माणसं दाटीवाटीनं बसलेली. गुरुजी होते, हलगीवाले होते. ज्यांनी ह्यांचे दंड धरले होते ते दोघं खाली मान घालून होते. सुभद्राबाईंच्या हातात आरतीचं ताट होतं, निरांजन केव्हाच विझलेलं. त्यांनी माझे हात बघितले. मी म्हटलं, ‘आजी, कोयता आतच राहिलाय.’

‘ऱ्हाऊ दे,’ त्या म्हणाल्या. ‘आज त्येची जागा तीच हाय.’

दौलतराव उठून ह्यांच्यासमोर आले.  त्यांनी विचारलं, ‘उद्धवराव, उडालं असतं तर… कुठवर ग्येलं असतं?’

ह्यांनी वळून शेडकडे पाहिलं. मग ओढ्याकडे. मग आंब्याच्या बुंध्याकडे.

‘इथवर,’ म्हणाले. ‘ह्याच्याही पलीकडं. ते बीड आहे, त्याचे तुकडे…’

‘आन तुमी तर म्हनला, हितं धोका न्हाई!’

‘अजून लांब जा म्हटलं असतं, तर तुम्ही ओढासुद्धा ओलांडला नसता. म्हणाला असता, फिनेल.’

कुणी हसलं नाही. मी खाली बघितलं. शालन सुभद्राबाईंच्या पायाशी, आंब्याच्या मुळीवर डोकं ठेवून झोपली होती. मुठीत अर्धा पेढा होता. दुपारभर ती इथेच होती, आणि ते ह्यांना ठाऊक होतं. ठाऊक असून प्रत्येक वेळी ते मला म्हणत होते, ओढ.

मी तिला उचलून घेतलं. तेव्हा कुठे माझे हात कापायला लागले, आणि घरी पोचेपर्यंत थांबले नाहीत.